पानावरचे तीन गोळे

ऐक गं, आधी नुसती ऐक. मधी थांबवू नको, आणि सुशीचं नाव काढल्यावर तोंड वाकडं करू नको. आपल्या मच्छे गावातली दिपाली हाय न्हवं, स्वरूपची बायको, कारखान्यात कामाला हाय बघ तो? तिच्या घरातली गोष्ट. गेल्या रविवारची. रात्र न्हाय, अवस न्हाय, भर दुपारी लख्ख उन्हात झालेली.

तर बेळगावात बायकांची जेवण करायची स्पर्धा हुती. परदेशातला पदार्थ, पण जिन्नस सगळं आपल्या बाजारातलं पायजे, आणि चार प्रकार करून फोटो रविवारी संध्याकाळच्या आत पाठवायचा. दिपालीनं नाव दिलं आणि सुशी, म्हणजे तो जपानी भाताचा पदार्थ, लिहून टाकलं. का, तर तिचा दीर आदर्श गोव्याला हॉटेलात तेच करतोय. तो फोनवर सांगणार, ही हितं करणार.

आता ह्या आदर्शचं आधी ऐक, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. त्याच्या बापाला, म्हणजे भावकू आप्पाला, पोरानं गोव्याला जाऊन मासं कापलेलं पटलं नव्हतं. लई भांडाण झालतं. पोरगं पिशवी घेऊन गेलं, आणि महिन्याभरात आप्पा वारला. पोरगं मातीला आलं, दहाव्याला बसलं. पण दहाव्याला पिंडाला कावळा काय शिवंना. झाडावर दहा-बारा बसलेलं, खाली एक उतरंना. भाऊबंदातला एकेक जण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. शेत विकत न्हाय म्हणून झालं, आप्पाच्या बायकोला, अंबुबाईला, सांभाळतो म्हणून झालं, देवीला जातो म्हणून झालं. दोन तास. शेवटाला दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि उठले. उठता उठता चुलत्यातला नागेंद्र म्हणला, पोरावर राग धरून जीव गेलाय, तो कशाला शिवंल.

झालं. अंबुबाईनं, म्हणजे दिपालीच्या सासूनं, ते धरूनच ठेवलं. आदर्शला सांगितलं, तू ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय. वर्ष झालं, पोरगं आलं न्हाय. येत्या सोमवारी आप्पाचं वर्षश्राद्ध, आणि त्यालाबी येऊ नको म्हणून निरोप गेलेला. ते पोरगं फोनवर वैनीला रोज एकच विचारायचं, आई काय म्हणतीया.

आणि दिपालीला ठाऊक हुतं की आप्पाचा राग आदर्शवर नव्हताच.

आप्पाला साखर लई वाढलेली. डॉक्टरनं भात बंद केलता. खानापूरकडचा माणूस तो, सगळा जन्म भातावर गेलेला. भाकरी मोडून ताटाच्या कडंला सारायचा आणि गप बसायचा. त्या दिवशी घरात दोघंच हुती. स्वरूपच्या डब्यासाठी दिपालीनं चुलीवर भात ठेवलता. आतल्या खोलीतनं आप्पा म्हणला, "भाताचा वास येतोय गं. एक घास दे." आणि दिपाली म्हणली, "शेजारचा हाय तो, मामंजी." आप्पा बरं म्हणला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. दिवेलागणीला बघत्यात तर संपलेला.

हे तिनं कुणाला सांगितलं न्हाय. दहाव्याला बायका लांब उभ्या हुत्या, ही त्यांच्यात. दोन तास कावळा शिवत न्हाय आणि हिला एकटीला ठाऊक की कशाला शिवत न्हाय. पण भाऊबंदासमोर तोंड उघडायचं कसं? आज सांगतो, उद्या सांगतो करता करता बोल आदर्शवर गेला आणि मग तर सांगायला तोंडच उरलं न्हाय. सांगितलं तर सासू म्हणणार, माझ्या माणसाला उपाशी घालवलंस आणि वर्षभर माझं पोरगं घराबाहेर ठेवलंस. खरंच हाय की ते.

तर रविवार. स्वरूप कामावर गेलेला. अंबुबाई सकाळीच शेताकडं, पावट्याच्या शेंगा तोडायला. म्हणूनच दिपालीनं आदर्शला फोन लावला, व्हिडिओवरचा, आणि फोन चटणीच्या डब्याला टेकवून ठेवला.

आदर्श फोनात लई मजेशीर. म्हणला, वैनी, जपानी तांदळाच्या मागं लागू नका, आपला इंद्रायणी काय कमी चिकटतोय काय. पाणी निवळशंख होईस्तोवर धुवा, अर्धा तास भिजवा, आणि मऊ करा पण लगदा करू नका. मासा कच्चा आजिबात घालू नका, गोव्याचा मासा बेळगावला पोचोस्तोवर दुसऱ्यांदा मरतोय. मग उकडलेली कोळंबी, अंड्याची पोळी, काकडी, गाजर, आणि ते बटर फ्रूट मिळतंय बघा बाजारात, अव्होकाडो म्हणत्यात ते. गुंडाळायचा काळा कागद, समुद्रातल्या शेवाळाचा, तेवढा तिनं ऑनलाइन मागवलता. पाकीट फोडल्यावर सुकटीचा वास आला तर म्हणली, ह्यापेक्षा शंभरचं सुकट आणलं असतं की. तिखट हिरवं वाटण लावत्यात, वसाबी का काय, ते न्हाय मिळालं, तर मोहरी आणि मुळा वाटून घेतला. नाकात अशी झिणझिणी गेली की आदर्श फोनात हसून हसून खाली पडायचा बाकी राहिला.

तांदूळ मात्र घरचा. आप्पानं स्वतः लावलेला शेवटचा. पोत्याच्या तळाला उरलेला.

भात शिजत आला. इंद्रायणीचा वास तुला ठाऊकच हाय, गल्लीभर जातोय. दिपाली व्हिनेगरात साखर-मीठ विरघळवत हुती. आणि आतल्या खोलीतनं आवाज आला.

"भाताचा वास येतोय गं."

सावकाश. जसं निजलेलं माणूस बोलतंय तसं. आणि दिपालीच्या तोंडातनं, तिनं काय ठरवायच्या आधीच, बाहेर पडलं, "शेजारचा हाय तो."

मग तिच्या ध्यानात आलं आपण काय बोललो, आणि कुणाला. हातातला चमचा तसाच. तिला वाटलं सासू मागच्या दारानं आली असणार. फोन पालथा घातला आणि खोलीत गेली. कॉट मोकळी. मागच्या दाराला आतनं कडी. चादर मात्र भिंतीकडच्या बाजूला दबलेली, कुणीतरी कुशीवर निजून उठल्यागत. सकाळी तिनंच झटकून घातलेली चादर गं.

परत आली, फोन सरळ केला. म्हणली, भावजी, आत्ता तुमी काय म्हणला व्हय? आदर्श म्हणला, मी कुठं काय म्हणलो. कोण तरी भाताचा वास येतोय म्हणलं की. आई हाय काय घरात? बोलू नका मग मोठ्यानं. आणि जरा थांबून म्हणला, "वैनी, शेजारचा हाय म्हणून का सांगितलासा?"

तिनं भात परातीत काढला, व्हिनेगर शिंपडलं, आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागली. हात चालू ठेवला की डोकं चालत न्हाय, असं तिला वाटलं. तूबी तेच केलं असतंस, मला ठाऊक हाय.

टेबलावर अंथरायची बांबूची चटई हुती, तिच्यावर प्लास्टिक घालून पहिला रोल केला. काळा कागद, भात, काकडी-गाजर, आणि गुंडाळी. सुरी ओली करून कापला तर आठ वड्या बघण्यासारख्या पडल्या. दुसरा उलटा, भात बाहेर आणि कागद आत, वरनं काळ्या तिळात लोळवलेला. तिसरा भेळेच्या पुडीगत, कोन करून आत कोळंबी. चौथा हातानं वळायचा. पाण्याचा हात लावायचा, मुठीत भात दाबायचा, लांबट गोळा करायचा आणि वर अंड्याची पोळी न्हायतर कोळंबी बसवायची. ते सगळं झालं आणि परातीत थोडा भात उरला. कोळंबी संपलेली, पोळी संपलेली. मग तिनं उरल्या भाताचे तीन गोळे वळले आणि वर नुसते काळे तीळ घातले.

तुला कळलं काय? तिला नव्हतं कळलं. तिच्या डोक्यात फोटो हुता.

घरात उजेड कमी, म्हणून सगळं गच्चीवर नेलं. स्टीलच्या ताटात ऊन चमकाय लागलं, फोटोत नुसता पांढरा गोळा येतोय. आदर्श म्हणला, केळीचं पान घ्या वैनी, आमच्यात साहेब लोक त्याचं जास्ती पैसं देत्यात. परड्यातलं पान आणलं. थंडीतलं ऊन दक्षिणेकडनं येतंय, म्हणून पान त्या तोंडानं फिरवलं. एका कडंला रोल, एका कडंला कोन, मधी ते कोळंबीचे. तीन गोळे म्होरं. फोन पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला, म्हणजे आदर्शला सगळं दिसंल. फोटो काढायला स्वरूपचा जुना फोन हातात. आदर्श म्हणला, उन्हानं भात सुकतोय, जरा पाणी शिंपडा. तिनं तांब्यातनं ओंजळीत पाणी घेतलं आणि गोळ्यांवर सोडलं.

आणि फोनात आदर्श वाकून जवळ आला. 

"वैनी," म्हणला, "पुन्यांदा बघा पानाकडं."

तिनं बघितलं. केळीचं पान, दक्षिणेला तोंड, भाताचे तीन गोळे, वर काळे तीळ, वर पाणी. तिच्या अंगावर असा काटा आला म्हणतीस. उचलायला वाकली, तर समोर कठड्यावर कावळा.

एक न्हाय. कठड्यावर ओळीनं. मोजले न्हाईत तिनं, पण दहा-बारा असतील. आणि एकबी आवाज करंना. एरवी चपातीचा तुकडा टाकला तर गल्ली डोक्यावर घेत्यात. ते सगळे गप बसलेले, माना तिरक्या करून.

त्यातला एक खाली उतरला. थोराड, एका पंखाचं पीस लोंबलेलं. पानावर आला. आता बघ, पानावर कोळंबी हाय. अंडं हाय. कावळा कोळंबी सोडंल काय गं जन्मात? ह्यानं सोडली. कोळंबीवरनं पाय उचलून टाकत, घरातलं माणूस जेवणाऱ्यांच्या ताटातनं वाट काढतंय तसा, त्या तीन गोळ्यांपाशी आला आणि थांबला. चोच लावंना. हिच्याकडं बघत उभा.

दिपालीनं हुश्श करायला हात उचलला. हात तसाच राहिला. कावळ्याला हुसकून लावायचं आणि तेबी ह्या पानावरनं? कुणाला जमंल ते?

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. अंबुबाई शेताकडनं आलेली, पदराच्या वट्यात शेंगा तशाच. खाली कुणी दिसंना म्हणून वर आली. टाकीच्या पलीकडं फोन, तो तिला दिसला न्हाय. तिला दिसलं ते पान आणि कावळा. म्हणली, कुणाचं ठेवलंस गं हे? श्राद्धाला आठ दिवस हाईत की अजून. दिपाली म्हणणार हुती की हे स्पर्धेचं हाय, सुशी हाय.  पण ते सांगून पटलं तरी असतं काय?

अंबुबाईच्या डोळ्यात कावळा भरलेला. वर्षभर वाट बघितलेली बाई ती. शेंगा खाली सांडल्या, हात जोडले. म्हणली, आलासा व्हय. म्हणली, तुमच्या मनासारखंच हुईल, आदर्शला मी घरात घेत न्हाय, श्राद्धाला त्याचं तोंडबी दिसू देत न्हाय, शब्द हाय माझा.

कावळा मागं सरकला. एक पाऊल. मग आणखी एक. कठड्यावरचे सगळे उडाले, एकदमच, आणि टाकीवर जाऊन बसले. पंखांचा तेवढा आवाज, बाकी काय न्हाय.

अंबुबाईचं तोंड उतरलं. हात जोडलेले तसेच. म्हणली, मग काय पायजे? मला कसं कळावं, मी काय देऊ? आणि रडायला लागली, आवाज न करता. फोनात तिकडं आदर्श सगळं ऐकतोय. आपल्या आईनं दिलेला शब्दबी ऐकला त्यानं. त्याचा चेहरा दिपालीला दिसतोय, सासूला न्हाय. कोवळं पोर मार खाऊन उभं असतंय तसा.

मग दिपाली पानापाशी गुडघ्यावर बसली. कावळ्याच्या इतक्या जवळ की त्याच्या डोळ्यात तिला आपलंच तोंड दिसलं. आणि ओठातल्या ओठात म्हणली,

"मामंजी, भात शेजारचा नव्हता. आपल्याच चुलीवरचा हुता. मी दिला न्हाय."

कावळा पुढं आला. म्होरच्या गोळ्यात चोच घातली. एक घास घेतला, मान वर केली, गिळला.

अंबुबाईनं असा हंबरडा फोडला की शेजारची नागुबाई गच्चीवर आली. आणि इकडं टाकीपाशी फोनातनं आदर्श म्हणला, "आप्पा." येवढंच. अंबुबाई वळली. टाकीला टेकलेला फोन, त्यात पोराचं तोंड. वर्षानं बघितलेलं. ती फोनाकडं बघती, पानाकडं बघती, आणि तिच्या मनात जे जुळायचं ते जुळलं. धावत गेली, फोन दोन्ही हातानं धरला. म्हणली, तुला बघून शिवला रं. तुझ्या तोंडाकडं बघून शिवला. माझं चुकलं बाबा, नागेंद्राचं ऐकलं. श्राद्धाला ये. श्राद्धाला कशाला, आजच निघ, आत्ता गाडी धर. आदर्श नुसती मान हलवत हुता. नागुबाई पलीकडनं पदरानं डोळं पुसती.

बघ म्हणजे. पोराला घर मिळालं. सासूच्या छातीवरचा दगड गेला. आप्पाला भात मिळाला. कुणी न सांगता, कुणाचं नाव न येता सगळं जिथल्या तिथं. दिपाली उठली, आणि तिला वाटलं की सुटलो.

पण कावळा गेला न्हाय.

एक घास घेतल्यावर काय राहायचं काम? शिवला की उडून जातोय. हा दुसऱ्या गोळ्यापाशी सरकला आणि थांबला. चोच मिटलेली. पहिल्यासारखाच, हिच्याकडं बघत. टाकीवरचे बाकीचे परत कठड्यावर आले, एकेक करून, आणि आपापल्या जागंवर बसले. ऊन तसंच. पानावरचं पाणी वाळत चाललेलं.

आणि अंबुबाई फोन छातीशी धरूनच वळली. डोळं पुसलं. फोन चालूच, आदर्श आत हायच. तिनं कावळ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. रागानं न्हाय गं, मायेनं. लई दिवसांनी मायेनं.

म्हणली, "पोरी, तो शिवायच्या आधी तू त्याच्या कानात काय बोललीस? तुझं ओठ हलताना दिसलं मला."

फोनातनं आदर्शबी म्हणला, "व्हय वैनी. काय म्हणला तुमी?"

दिपालीच्या तोंडात उत्तर तयार हुतं. काय न्हाय आत्ती, नुसतं नाव घेतलं देवाचं. जिभेवर आलेलं. आणि ते जिभेवर आलं तसं कावळ्यानं एक पाय मागं घेतला.

आता तू बोल. सासू पुढं उभी हाय, दीर फोनात हाय, नागुबाई कठड्यावरनं वाकून ऐकतीया, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या मच्छ्याला ठाऊक. सांगितलंस तर आत्ताच जुळलेलं घर तुझ्यामुळं मोडतंय. न्हाय सांगितलंस तर तो पाय मागं घेऊन तिथंच उभा हाय. दिपालीच्या जागी तू असतीस, तर काय म्हणली असतीस गं?